राहता भाड्याचा फ्लॅट थेट मालकाकडून विकत घेताना

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात, सहकारी सोसायटीतल्या टू बीएचके फ्लॅटमध्ये चार वर्षे लीव्ह अँड लायसन्सवर राहतो आहोत. मालकांना फ्लॅट विकायचा आहे. ते म्हणतात, "बाहेर कशाला शोधू, तुम्हीच घ्या, मध्ये एजंट नको." भाव ८० लाखांवर आला आहे, आमचे दीड लाखांचे डिपॉझिट त्यांच्याकडे आहे. टोकन द्यायचे का? भाडे चालू ठेवायचे का? कागद कुठून सुरू करायचे?

उत्तराआधी एक गोष्ट मनात पक्की करा. बाहेरचा खरेदीदार आणि तुम्ही यांत एकच मोठा फरक आहे: घराचा ताबा आधीच तुमच्याकडे आहे. त्यामुळे व्यवहार सोपा वाटतो आणि गुंताही तिथेच होतो. आज तुम्ही परवानाधारक (लायसन्सी) म्हणून राहता, उद्या मालक म्हणून राहणार. मधल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही नेमके कोण आहात हे कागदावर स्पष्ट लिहिले नसेल, तर मालकाला भीती वाटते की हा माणूस पैसे न देता घरातच बसेल. तुम्हाला भीती वाटते की टोकन घेऊन मालक दुसऱ्याला विकेल. ही दोन्ही भये रास्त आहेत. भाडेकरूचे नाते आणि खरेदीदाराचे नाते शेवटच्या दिवसापर्यंत वेगळे ठेवले, की दोन्ही मिटतात. पुढचे सगळे याच धाग्याने वाचा.

भाडे घेणारा मालकच आहे का?

चार वर्षे ज्यांच्या खात्यात भाडे जाते ते मालक असतीलच असे नाही. फ्लॅट वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, भाडे थोरला मुलगा घेतो आणि धाकट्या बहिणीची कुठेच सही नाही, असे प्रकार रोज समोर येतात. लीव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीच्या वेळी मालकीची खोलवर तपासणी होत नाही. त्यामुळे तो नोंदणीकृत करार हा मालकीचा पुरावा समजू नका.

मालकांकडून पहिल्याच भेटीत त्यांच्या स्वतःच्या खरेदीचा नोंदणीकृत दस्त, त्याची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश), नोंदणीची पावती आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट यांच्या प्रती मागा. सगळीकडची नावे अक्षरशः जुळली पाहिजेत. पत्नी सहमालक असेल तर तिचीही सही लागेल. "ती माझ्या शब्दाबाहेर नाही" हे दुय्यम निबंधकाच्या टेबलावर चालत नाही. मूळ मालक हयात नसतील तर सोसायटीतले नॉमिनेशन पुरेसे नाही. नॉमिनी हा केवळ विश्वस्तासारखा असतो, मालकी वारसांची. सगळ्या वारसांनी एकत्र विक्री करावी, नाहीतर बाकीच्यांनी एकाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून द्यावे. मृत्युपत्र असेल तर वकिलाला दाखवा, बँक त्यावर आणखी कागद मागू शकते.

मालक परदेशात असतील आणि कुलमुखत्यारामार्फत (पॉवर ऑफ अॅटर्नी दिलेल्या माणसाकडून) सही होणार असेल, तर ते पत्र नोंदणीकृत किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले हवे. परदेशात केलेले पत्र भारतात आल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते. त्यात "विक्री करणे, रक्कम स्वीकारणे, दस्त नोंदवणे" हे तिन्ही अधिकार स्पष्ट लिहिलेले आहेत का, ते स्वतः वाचा. भाड्यासाठी दिलेल्या जुन्या कुलमुखत्यारपत्रावर विक्री होत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकीही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

यानंतर वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, सर्व्हे क्रमांक किंवा मिळकत क्रमांक टाकून तुम्ही स्वतःही दस्त शोधू शकता. त्याच शोधात त्या इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीच्या सूची दिसतात, म्हणजे भाव ठरवायला कुणाच्या सांगोवांगीवर राहायला नको. महाराष्ट्रात मूळ कागद ठेवून बँकेचे कर्ज घेतले, तर त्याची सूचना ३० दिवसांत निबंधकाकडे दाखल करावी लागते. ती नोंदही शोधात सापडते. जोडीला सर्साई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीच्या संकेतस्थळावर तपासणी करा.

इमारतीच्या बाजूने भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी देणे) सोसायटीच्या नावे झाले आहे की नाही, हे पाहा. मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, बिल्डरऐवजी सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने झालेले) असले तरी चालते. झालेले नसेल तर व्यवहार अडत नाही, पण पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते आणि तो मुद्दा भावात धरायचा असतो. जमीन भाडेपट्ट्याची असेल, जसे नवी मुंबईत सिडकोची, तर हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क वेगळे. म्हाडाच्या सोडतीतले घर असेल तर पहिली ५ वर्षे विकता येत नाही. पागडीचे घर असेल तर तो पूर्णपणे वेगळा विषय आहे, हे उत्तर त्याला लावू नका.

भाव, आणि स्वस्तात मिळण्याचा धोका

एजंट नसल्याने दोघांचे कमिशन वाचते, ते निम्मे-निम्मे वाटून घेणे न्याय्य. तुमच्या बाजूने आणखी एक भक्कम गोष्ट आहे. कोणत्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, पाण्याचा दाब किती, वरच्या बाथरूमची गळती कुठून उतरते, हे तुम्हाला चार पावसाळे पाहून माहीत आहे. ते सांगून भाव कमी करून घ्या, त्यात संकोच नको. बोलणी मात्र कार्पेट क्षेत्रफळावर करा. बिल्टअप आणि सेलेबलचे आकडे दस्तात वेगळे आणि बोलण्यात वेगळे असतात. पार्किंगचे सोसायटीने दिलेले पत्र मागा. पार्किंगसाठी वेगळी रक्कम रोख मागितली तर साफ नाही म्हणा.

चांगल्या भाडेकरूला मालक प्रेमाने कमी भाव देतात, तेव्हा एक खड्डा असतो आणि तो बहुतेकांना नंतर कळतो. मुद्रांक शुल्क हे कराराची किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची, किंमत यांतल्या जास्तीच्या रकमेवर लागते. समजा तुमचा करार ८० लाखांचा आणि रेडी रेकनरची किंमत ८७ लाख आली. शुल्क ८७ लाखांवर भराल, आणि विषय तिथेच संपेल. पण रेडी रेकनर ९२ लाख आला, तर फरक १२ लाखांचा झाला. कराराच्या किमतीच्या १० टक्के म्हणजे ८ लाख. फरक त्या मर्यादेच्या वर गेला की पूर्ण १२ लाख रुपये तुमचे उत्पन्न समजून त्यावर प्राप्तिकर लागतो. मालकांचाही भांडवली नफा ८० ऐवजी ९२ लाख विक्री धरून मोजला जातो. म्हणून भाव पक्का करण्याआधी त्या इमारतीचे रेडी रेकनर मूल्यांकन काढून घ्या. जुन्या इमारतीला घसारा मिळतो, तो धरला आहे का ते पाहा. दर सहसा १ एप्रिलला बदलतात. मूल्यांकन पटत नसेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा मुदत आखताना तो वेळ धरा.

हातात किती पैसे लागतील

"८० टक्के कर्ज मिळते, म्हणजे १६ लाख जमवले की झाले" हा हिशेब अपुरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. शिवाय बँक तिच्या मूल्यांकनकाराने ठरवलेली किंमत आणि कराराची किंमत यांतली कमी असलेली धरते.

तुमच्या बाबतीत ८० लाखांवर ६४ लाख कर्ज धरा. स्वतःचे १६ लाख. पुण्यात ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ५,६०,००० रुपये. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. सोसायटी नाव बदलताना घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याचा (प्रीमियमचा) कमाल आकडा महापालिका क्षेत्रात २५,००० रुपये, शिवाय ५०० रुपये हस्तांतरण शुल्क आणि १०० रुपये प्रवेश शुल्क. बेरीज २२,१५,६०० रुपये होते. त्यात वकील, बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि गहाणाच्या सूचनेचा खर्च वेगळा. मुंबईत शुल्क ६ टक्के आहे, ठाण्यात पुण्यासारखेच ७. निवासी घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावावर घेतले तर शुल्कात १ टक्का सूट आहे, म्हणजे इथे ८०,००० रुपये वाचतात. नवऱ्याचे नाव सोबत घातले की सूट गेली. पण कर्ज दोघांच्या उत्पन्नावर हवे असेल तर नवरा सहकर्जदार राहू शकतो का, हे बँकेला आधीच विचारा, काही बँका सहमालकीचाही आग्रह धरतात. जुन्या फ्लॅटच्या या विक्रीवर जीएसटी लागत नाही.

डिपॉझिटच्या दीड लाखांचे काय? किमतीत वळते करता येतात, पण तोंडी नव्हे. कराराच्या रकमेच्या तपशिलात "परवाना करार दि. अमुक अन्वये दि. अमुक रोजी बँकेमार्फत दिलेली अनामत रक्कम रु. १,५०,००० उभय पक्षांच्या संमतीने खरेदी किमतीत वळती केली आहे" असे वाक्य व्यवहार क्रमांकासह यायला हवे. डिपॉझिट रोखीत दिले असेल तर बँक ते तुमच्या हिश्श्यात धरणार नाही. अशा वेळी मालकांनी ते बँकेतून परत द्यावे आणि तुम्ही ते पुन्हा किंमत म्हणून द्यावे, हा स्वच्छ मार्ग. माझे मत विचाराल तर डिपॉझिट वळते करण्यापेक्षा शेवटच्या दिवशी परत घेणे उत्तम. व्यवहार फिसकटला तर तुमचे परवानाधारक म्हणून असलेले डिपॉझिट जागेवर राहते आणि हिशेबाची भेसळ होत नाही. हातात पैसे कमी असतील तरच वळते करा.

भाड्याचेही तेच. "आता देताय ते भाडे किमतीतून वजा करू" असे मालक म्हणाले असतील, तर ते करारात आकड्यासह लिहून घ्या. लिहिलेले नसेल तर दिलेले भाडे म्हणजे वापराचा मोबदला, किमतीचा भाग नाही. चार वर्षांत तुम्ही लावलेले ग्रील, बसवलेले किचन ट्रॉली, करून घेतलेली रंगरंगोटी यांनाही हेच लागू.

टोकन, साठेखत आणि ताब्याचा प्रश्न

टोकन द्या, पण छोटे. कागद पाहण्याआधी १ लाखाच्या वर जाऊ नका, आणि तेही बँकेतूनच. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्यावर तितक्याच रकमेचा दंड लागू शकतो, हे मालकांना सांगा, रोखीचा आग्रह आपोआप मावळतो. इसार पावतीत, म्हणजे टोकनच्या पावतीत, चार गोष्टी हव्यात: एकूण किंमत, साठेखताची (खरेदीखताआधीच्या विक्री कराराची) अंतिम तारीख, तोपर्यंत मालक दुसऱ्याशी व्यवहार करणार नाहीत ही हमी, आणि मालकीत दोष निघाला किंवा बँकेने मिळकतीच्या कारणाने कर्ज नाकारले तर अमुक दिवसांत पूर्ण रक्कम परत.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. अनेक ठिकाणी असे होते: ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर साठेखत करतात, १५-२० लाख देतात आणि "खरेदीखताच्या वेळी पूर्ण शुल्क भरू" म्हणून थांबतात. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानुसार, ज्या साठेखतात ताबा दिलेला आहे किंवा द्यायचे ठरले आहे ते शुल्कापुरते खरेदीखतच समजले जाते. भाडेकरू म्हणून आधीच ताब्यात असलेल्या खरेदीदाराचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. फेब्रुवारी २०२५ च्या निकालात तिथेही पूर्ण शुल्क लागते असेच ठरले. म्हणजे तुमच्यासारख्यांचाच हा प्रश्न होता. कमी शुल्काचा दस्त न्यायालयात पुरावा म्हणून वाचला जात नाही. तो अटकावला जातो, आणि कमी भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के, कमाल चौपटीपर्यंत दंड लागू शकतो. मालक फिरले तर ज्या कागदावर दावा उभा करायचा तोच हातात लंगडा राहतो.

म्हणून साठेखत पूर्ण मुद्रांकावर आणि नोंदणी करूनच करा. भरलेले शुल्क वाया जात नाही. पुढे त्याच व्यवहाराच्या खरेदीखताला नाममात्र शुल्क लागते. मुंबईकडे बऱ्याचदा नोंदणीकृत करारनाम्यावरच थांबतात आणि ताबापत्र, शेअर सर्टिफिकेट यांवर काम भागवतात. पुण्याकडे साठेखतानंतर खरेदीखत करण्याची रीत आहे. खरेदीखत कराच, कारण साठेखताने मालकी मिळत नाही, मालकी मिळवण्याचा हक्क मिळतो.

आणि यातूनच भाड्याच्या प्रश्नाचे उत्तर येते. साठेखत झाले म्हणून भाडे थांबवू नका. साठेखतानंतरही तुम्ही परवानाधारकच असता. भाडे थकले तर मालक करारभंगाचा मुद्दा काढू शकतात, आणि परवान्याची मुदत संपल्यावर घर खाली करून मागण्याचा त्यांचा मार्ग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे बराच जलद आहे. परवान्याची मुदत व्यवहाराच्या मध्येच संपत असेल, तर साठेखताआधीच ६ महिन्यांचा नवा परवाना करार नोंदवून घ्या. त्याचा खर्च या व्यवहारापुढे नगण्य आहे. मधल्या काळात करार संपलेला, साठेखत अर्धे, भाडे बंद, अशी त्रिशंकू अवस्था कधीच येऊ देऊ नका.

साठेखतात या अर्थाचे कलम घाला. मसुदा वकिलाकडून तपासा, पण आशय सोडू नका:

"खरेदी घेणार हे सदर मिळकतीत नोंदणीकृत परवाना करार दि. ... अन्वये परवानाधारक म्हणून राहत आहेत. खरेदीखत नोंदवून पूर्ण मोबदला अदा होईपर्यंत सदर परवाना त्याच अटींवर चालू राहील व खरेदी घेणार दरमहा रु. ... परवाना शुल्क देत राहतील. खरेदीखताच्या दिवशी सदर परवाना आपोआप संपुष्टात येईल व त्या दिवसापासून खरेदी घेणार यांचा ताबा मालक या नात्याने राहील. विक्री करणार यांच्या कसुरीशिवाय व्यवहार रद्द झाल्यास खरेदी घेणार परवाना कराराच्या मुदतीनंतर मिळकतीचा ताबा सोडतील. विक्री करणार यांच्या कसुरीने पूर्ण न झाल्यास खरेदी घेणार यांचा विशिष्ट पूर्ततेचा हक्क अबाधित राहील."

हे कलम वाचून मालकांचा जीव भांड्यात पडतो, आणि तुमचा हक्कही शाबूत राहतो. विशिष्ट पूर्ततेचा, म्हणजे ठरलेली विक्री करून द्यायला लावण्याचा, दावा करायची वेळ आली तर ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांत करावा लागतो, आणि तुम्ही पैसे देण्यास सतत तयार व इच्छुक होता हे सिद्ध करावे लागते. म्हणून कर्ज मंजुरीचे पत्र, खात्यातली शिल्लक, मालकांना पाठवलेले मेसेज हे सगळे जपून ठेवा.

मालकाचे कर्ज, सोसायटी, आणि टीडीएस

मालकांचे स्वतःचे गृहकर्ज बाकी असेल तर घाबरू नका. त्यांच्या बँकेचे बाकी रकमेचे पत्र आणि जमा मूळ कागदांची यादी ही दोन पत्रे घ्या. तुमची बँक कर्जातली तेवढी रक्कम थेट त्यांच्या कर्जखात्यात भरते आणि उरलेली मालकांना देते. तुमच्या हातचे पैसे मालकांच्या बचत खात्यात टाकून "ते कर्ज फेडतील" यावर विसंबू नका, चेकवर कर्जखात्याचा क्रमांक लिहा. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. त्यातला एखादा मूळ दस्त गहाळ असेल तर आत्ताच कळायला हवे, कारण तुमच्या बँकेलाही तोच लागणार. कर्ज बाकी असलेल्या फ्लॅटसाठी त्याच बँकेत अर्ज केला तर महिनाभर तरी वाचतो.

सोसायटीकडे तुम्हाला भाडेकरू म्हणून ओळखतात, त्यामुळे सगळे सोपे वाटते. पण घर भाड्याने दिले की मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेतात. मालकांनी भाडेकरूची नोंदच दिली नसेल तर चार वर्षांची थकबाकी एकदम निघू शकते. थकबाकी नसल्याचा दाखला साठेखतापूर्वी आणि खरेदीखतापूर्वी असा दोनदा घ्या. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरली आहे का, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, हे मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांतून पाहा. पुनर्विकास जवळ असेल तर विकासकाकडून मिळणारे भाडे आणि कॉर्पस (एकरकमी मोबदला) कुणाचे, हे साठेखतात लिहा. न लिहिल्यास यावरूनच सर्वाधिक भांडणे होतात. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला सोसायटीची एनओसी अनिवार्य नाही, सदस्याने १५ दिवसांची सूचना द्यायची असते. पण बँक एनओसी मागतेच, तेव्हा अर्ज लवकर करा. अधिमूल्याच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त "देणगी" मागितली तर लेखी मागा म्हणून सांगा.

किंमत किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे मालकांच्या रकमेतून आधीच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर, तुम्ही कापायचा असतो, आणि तो दोन्हींतल्या मोठ्या आकड्यावर. ८० लाखांवर ८०,०००. मालक निवासी भारतीय असतील तर टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही, पॅनवरच २६क्यूबी नावाने ओळखले जाणारे चलन भरले जाते. प्रत्येक हप्त्याच्या वेळी कापा, टोकनवरही आणि वळत्या केलेल्या डिपॉझिटवरही. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरा. दोन मालक असतील तर दोन वेगळी विवरणपत्रे, दोन खरेदीदार आणि दोन मालक असतील तर चार. उशिरा दिवसाला २०० रुपये शुल्क आणि व्याज. कर्जाची रक्कम बँक थेट पूर्ण देते, म्हणून तिच्यावरचा टीडीएस तुमच्या १६ लाखांतूनच जाणार आहे, त्याप्रमाणे चेक लिहा. मालकांचा पॅन आधारशी जोडलेला आणि चालू आहे का, हे टोकनआधी तपासा. पॅन निष्क्रिय असेल तर दर २० टक्के होतो आणि फरकाची नोटीस तुम्हाला येते.

मालक अनिवासी असतील तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. तिथे भांडवली नफ्याच्या दराने, अधिभार आणि उपकर धरून, संपूर्ण किमतीवर टीडीएस कापावा लागतो, जोवर मालक प्राप्तिकर विभागाकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणत नाहीत तोवर. त्या प्रमाणपत्राला काही आठवडे लागतात, म्हणून ते साठेखताआधी मागवा. चार वर्षे अनिवासी मालकांना भाडे देत असाल आणि त्यावर टीडीएस कापला नसेल, तर सल्लागाराला आधी दाखवा, मोठ्या व्यवहाराच्या छाननीत ते समोर येऊ शकते.

शेवटच्या दिवशी काय घडते

सहीनंतर दस्त ४ महिन्यांत नोंदवावा लागतो, पण त्याच दिवशी नोंदवणे चांगले. शुल्क ऑनलाइन ई-चलनाने भरा, दस्ताची माहिती विभागाच्या संकेतस्थळावर आधी भरून ठेवा. दोन्ही पक्षांचे मूळ पॅन आणि आधार आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार सोबत हवेत. पडद्यावर माहिती दाखवतात तेव्हा घाई करू नका. फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, नावाचे स्पेलिंग, सर्व्हे क्रमांक यांतली एक चूक नंतर चूक दुरुस्ती पत्राने निस्तरावी लागते, आणि तेव्हा मालक पुन्हा येतीलच असे नाही.

खरेदीखताच्या टेबलावर शेवटचा चेक देतानाच मूळ शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे हस्तांतरण अर्ज मालकांच्या सहीसह, वीज आणि मालमत्ता कराची शेवटची बिले आणि वीज मीटर नावावर करण्याचे संमतीपत्र ताब्यात घ्या. त्याच दिवशी परवाना करार संपल्याचे दोघांच्या सहीचे पत्र करा. त्यात शेवटचे भाडे कोणत्या तारखेपर्यंत दिले आणि डिपॉझिट परत मिळाले की वळते झाले, हे लिहा. महिन्याच्या मध्यात खरेदीखत झाले तर त्या तारखेपर्यंतचेच भाडे हिशेबात धरा, आणि घरभाडे भत्त्याची वजावटही नोकरीच्या ठिकाणी त्याच तारखेपर्यंत दाखवा.

नंतर शेअर सर्टिफिकेटवर सोसायटीच्या सभेत तुमच्या नावाची नोंद होईपर्यंत पाठपुरावा करा. महापालिकेत मालमत्ता कराचे नाव आणि वीज कंपनीत मीटरचे नाव बदला. विजेच्या मीटरवर मालकांची सुरक्षा ठेव असते, ती तुमच्या नावे वर्ग करायची की त्यांनी परत घ्यायची, हे संमतीपत्रातच लिहून ठेवा.